‘ना’ न लावता

कोर्टासमोरच्या गल्लीत वकिलांचे काळे कोट शिवणारा एक शिंपी होता. त्याच्या कापायच्या टेबलाखाली बसून त्याची मुलगी शाळेचा अभ्यास करायची. वर कात्री चालायची, माप द्यायला आलेले वकील हात पसरून उभे राहायचे आणि तसेच उभ्या उभ्या एकमेकांशी खटल्यांबद्दल बोलायचे. खाली बसलेल्या मुलीच्या कानावर पाढ्यांपेक्षा ‘तारीख’, ‘उलटतपास’ आणि ‘समोरची बाजू’ हेच शब्द जास्त पडले. पुढे ती वकील झाली, याचं गल्लीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. तिचा पहिला कोट मात्र बापाने दोनदा उसवला.

“दुसऱ्यांचे कोट एका बैठकीत होतात, मग माझाच का रखडतोय?” तिने विचारलं.

“दुसऱ्यांच्या कोटात लोक त्यांना बघतात. तुझ्या कोटात मला बघणार आहेत,” शिंपी दोरा दाताने तोडत म्हणाला.

वर्षं गेली. ती सगळ्यांची वकीलताई झाली. वाटण्या, पोटगी, घटस्फोट, भाडेकरू आणि मालक यांची भांडणं असली कामं तिच्याकडे यायची. ज्यात नाव होतं किंवा वर्तमानपत्रात फोटो येतो असली कामं तिने कधी शोधली नाहीत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ती पक्षकारांना स्वतःच सांगायची आणि वर म्हणायची, “पण चढलाच आहात, तर माझा हात धरा. उतरताना लोक जास्त घसरतात.” अर्धीअधिक भांडणं ती पायरीच्या अलीकडेच मिटवायची. बाकीचे वकील चिडवायचे, की हिच्यामुळे आमच्या चुली विझणार.

दर गुरुवारी संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या तळमजल्यावर ती फुकट सल्ला द्यायला बसायची. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली जुन्या वर्तमानपत्राची घडी घातलेली असायची. समोरच्या बाकावर माणसं आपापली दुःखं मांडीवर घेऊन बसलेली असायची. कुणाला घरमालकाने कुलूप लावलेलं, कुणाच्या नवऱ्याने मुलं पळवून नेलेली. वकीलताई एकेकाचं शेवटपर्यंत ऐकायची. वाचनालयाचा दिवा मालवायची वेळ झाली तरी तिची खुर्ची हलायची नाही.

घरी नवरा होता, शाळेत भूगोल शिकवणारा, शांत, मिस्कील माणूस. आपली बायको घरची माणसं आणि बाहेरची माणसं यांत भेद करत नाही, असं कुणी कौतुकाने म्हटलं की तो मान डोलवायचा. “अगदी खरं आहे. आम्हालाही तारीख घ्यावी लागते.” पण ती घरात कमी पडत होती असं तो कधी म्हणाला नाही, आणि ती पडतही नव्हती. लेकीच्या परीक्षा, सासूचं शेवटचं आजारपण, नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळ्याला ती पुरून उरली होती.

वकीलताईची आई गेली तेव्हा तिचे शिंपी बाबा दुकानामागच्या खोलीत एकटे राहिले. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. एके दिवशी मशीनची सुई बोटातून आरपार गेली. वकीलताईला कळलं तेव्हा ती कोर्टातून तशीच काळ्या कोटात धावत आली. बोट बांधलं, डॉक्टरकडे नेलं आणि संध्याकाळी बाबांना थेट आपल्या घरी आणलं. पुढच्या आठवड्यात दुकानाचा दर्शनी भाग एका झेरॉक्सवाल्याला भाड्याने दिला आणि मागच्या खोलीला कुलूप लावलं. दूरच्या शहरात राहणारा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, तू आहेस म्हणून मला घोर नाही.”

लेक कॉलेजसाठी बाहेरगावी गेली होती, तिची खोली बाबांना मिळाली. सकाळचं ऊन यायचं अशी खोली. नवी गादी, उशाशी घंटी, गोळ्यांसाठी कप्प्याकप्प्यांची डबी, न्हाणीघरात धरायला दांडा. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं. ओळखीपाळखीचे लोक आपल्या मुलांना सांगायचे, “शिका जरा वकीलताईकडून.” बाबा कशालाच नाही म्हणायचे नाहीत. दिलं ते खायचे, सांगितलं तेव्हा झोपायचे. असा सोपा म्हातारा मिळायला नशीब लागतं, असं नवरा म्हणायचा.

दोन वर्षं अशी गेली. मग एका गुरुवारी वाचनालयात एक उंच, ताठ म्हातारी आली. ती आयुष्यभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती आणि तिला सगळे टेलिफोनबाईच म्हणायचे. तिचा आवाज अजून तसाच स्वच्छ होता, प्रत्येक शब्द पलीकडच्या टोकाला नीट पोचला पाहिजे असा.

“मी विसरते,” ती बसल्या बसल्या म्हणाली. “हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर तुम्हाला फसवल्यासारखं व्हायला नको. माझ्या मुलाने कोर्टात अर्ज केलाय, की आईला आता कळत नाही, तिचे सगळे निर्णय मी घेईन. तो मला आपल्या घरी नेणार आहे आणि माझं घर विकणार आहे. मला जायचं नाही.”

“मुलगा त्रास देतो?”

“छे. सोन्यासारखा आहे. तोच तर घोळ आहे.”

वकीलताईने मुलाला भेटायला बोलावलं. तो दवाखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. हपापलेला माणूस नव्हता, हे तिला दोन वाक्यांतच कळलं. घर विकून येईल ते सगळं आईच्याच नावावर ठेवायला तो तयार होता. तिच्यासाठी त्याने आपल्या घरात खोली रंगवून घेतली होती. “परवा ती दाराला किल्ली तशीच ठेवून बाजारात गेली,” तो सांगत होता. “मागच्या महिन्यात माझ्या वडिलांना फोन लावून दे म्हणाली. वडील जाऊन दहा वर्षं झालीत. वकीलताई, मी कामावर असतो पण माझं लक्ष तिच्याकडे असतं. फोन वाजला की हातातलं काम सुटतं. तुम्हीच सांगा, मी काय चुकीचं करतोय?”

तडजोड करायचा तिने पुष्कळ प्रयत्न केला, पण दोघंही आपल्या जागी खरी होती, आणि अशी भांडणं मिटवायला सगळ्यात अवघड. शेवटी प्रकरण न्यायाधीशबाईंसमोर उभं राहिलं.

मुलाच्या वकिलाने टेलिफोनबाईंना आजची तारीख विचारली. त्यांना ती सांगता आली नाही. सकाळी काय खाल्लं ते विचारलं. त्या म्हणाल्या, “खाल्लं असणार. भूक लागलेली नाही.” कोर्टात हलकं हसू पसरलं, पण त्यांच्या विरुद्ध जायचं ते गेलंच. आपण ज्या घरात राहतो त्याच्या गल्लीचं नावही त्यांना त्या क्षणी आठवेना. वकीलताई उठली. विसरणं वेगळं आणि आपल्याला काय हवंय ते न कळणं वेगळं, असं तिने मांडलं. ती चांगली बोलली, पण गल्लीच्या नावाचं सावट काही हटलं नाही.

तेव्हा न्यायाधीशबाई स्वतः पुढे वाकल्या. “आजी, मुलगा चांगला आहे म्हणता. खोली तयार आहे. मग का जायचं नाही?”

टेलिफोनबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याला वाईट वाटू नये अशा काही शब्दांची जुळवाजुळव त्या करत होत्या हे दिसत होतं.

“माझ्या घरात मी विसरले तरी माझे हात विसरत नाहीत,” त्या म्हणाल्या. “बटण कुठे आहे, साखर कुठे आहे, ते हातांना ठाऊक आहे. ह्याच्याकडे मी राहिलेय दोन महिने. तिथे प्रत्येक गोष्ट विचारावी लागते. पंखा लावू का? दार उघडू का? चहा करून घेऊ का? ते कधी नाही म्हणाले नाहीत. पण विचारून विचारून माणूस लहान होत जातं, मॅडम. मला विसराळू व्हायला चालेल. लहान व्हायचं नाहीये.”

मुलगा खाली मान घालून बसला होता. वकीलताई हातातला कागद धरून तशीच उभी राहिली. ही आपल्या बाजूची साक्ष आहे, ती बरोबर जागी बसलीय, याचा आनंद तिला व्हायला हवा होता. पण तिच्या कानात घरातला दुसराच आवाज वाजत होता. ‘बाळ, खिडकी लावून घेऊ का?’ ‘बाळ, रेडिओ लावला तर चालेल?’ ‘जरा खाली जाऊन येऊ का, की उशीर होईल?’

न्यायाधीशबाईंनी टेलिफोनबाईंना सहा महिने आपल्याच घरात राहायची मुभा दिली. शेजाऱ्यांनी लक्ष ठेवायचं, मुलाने येऊन जाऊन पाहायचं आणि मग पुन्हा विचार करायचा, असं ठरलं.

त्या संध्याकाळी वकीलताई घरी आली तेव्हा बाबा खोलीत अंधारात बसले होते. पावलांचा आवाज ऐकून ते म्हणाले, “आलीस? दिवा लावू का?”

ती दारातच थबकली. “बाबा, लावायचा की. विचारता काय?”

“तसं नाही, वीज उगाच जळायला नको,” असं म्हणून त्यांनी दिवा लावला.

ती त्यांच्याजवळ बसली. “बाबा, इथे तुम्हाला बरं वाटतं ना?”

“हो तर.”

“काही कमी नाही ना?”

“काय कमी असणार? तू एवढं करतेस.”

“परत तिकडे जावंसं वाटत नाही ना?”

“छे गं,” बाबा म्हणाले, आणि भिंतीकडे बघत राहिले.

नवरा बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होता. ती येऊन बसल्यावर त्याने लाल पेन खाली ठेवलं. “कोर्टात असं विचारतेस का गं साक्षीदाराला?”

“कसं?”

“प्रत्येक प्रश्नाच्या शेपटीला ‘ना’. बरं वाटतं ना, कमी नाही ना. तुझ्या प्रश्नातच उत्तर कोंबलेलं होतं. समोरचा वकील असता तर उठून हरकत घेतली असती.”

ती रागावली. मग रागावण्यासारखं त्यात काही नाही, हे तिला कळलं. बाबांना इथे आणायच्या दिवशी आपण त्यांना विचारलं होतं का, हे ती आठवत राहिली. बोटाला पट्टी होती, ते रिक्षात शेजारी बसले होते, आणि ती डॉक्टर, गादी, कुलूप, झेरॉक्सवाला यांची मनातल्या मनात जुळणी करत होती. विचारलं नव्हतं. गुरुवारच्या बाकावर येणाऱ्या परक्या माणसाला ती सगळ्यात आधी विचारायची, ‘तुम्हाला काय हवंय?’ आणि आपल्या बापाला ते विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

रविवारी सकाळी दोघं गॅलरीत चहा घेत असताना तिने कप खाली ठेवला. “बाबा, तुम्हाला कुठे राहायला आवडेल?”

बाबा उत्तर देणार होते, ते नेहमीचंच असणार होतं, पण प्रश्नाला शेपटी नाही हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल दुरुस्त करत होतं.

“रागावू नकोस,” ते शेवटी म्हणाले.

“नाही रागावत.”

“तुझ्या घरात मी पाहुणा आहे. फार लाडका पाहुणा आहे, पण पाहुणाच. पाहुण्याने किती दिवस राहायचं? मागची खोली माझी आहे. तिथे मला सकाळी गल्ली जागी होताना ऐकू येते. आता डोळेही बरे झालेत. शिवण जमेल की नाही ठाऊक नाही, पण बटणं तर लावता येतील.”

“आणि हे मला दोन वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत?”

“तू इतक्या हौसेने सगळं केलंस. तुझ्या हौसेवर पाणी कसं ओतू?” बाबा म्हणाले. “आणि ऐकायला तू कधी खाली बसलीस? सगळा वेळ धावतच तर असतेस.”

तिने भावाला फोन लावला. तो ऐकूनच भडकला. “ताई, तुला वेड लागलंय का? पडले-बिडले तर? आणि लोक काय म्हणतील? जगाचे खटले लढते आणि बापाला दुकानामागे टाकते, असंच म्हणतील.”

“म्हणू देत. लोकांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही.”

“मग माझं तरी ऐक.”

“तुझं ऐकतेय. पण राहायचं बाबांना आहे, तुला नाही.” भावाने फोन ठेवला. पुढचे काही दिवस तो बोललाच नाही.

तिने मागची खोली उघडून झाडून घेतली. न्हाणीघराला दांडा लावला, उंबऱ्याचा चढ काढून टाकला. झेरॉक्सवाला भला माणूस होता, दर्शनी भागात शिलाई मशीनपुरती जागा त्याने रिकामी करून दिली. बाबांनी आपली मोठी कात्री तेलाने पुसली आणि कापडात गुंडाळून बॅगेत ठेवली. महिनाअखेरच्या रविवारी जायचं ठरलं.

त्याच आठवड्यात टेलिफोनबाईंच्या घरात आग लागली. त्यांनी दूध तापत ठेवलं आणि विसरल्या. भांडं जळालं, मग खिडकीचा पडदा पेटला. धूर पाहून शेजारीण धावली आणि पाण्याच्या बादल्या ओतून तिने आग विझवली. टेलिफोनबाईंच्या छातीत धूर गेला होता, त्यांना इस्पितळात हलवलं.

मुलगा दुपारी वकीलताईच्या ऑफिसात आला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

“मी तुम्हाला सांगत होतो,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते ऐकायला जास्त जड गेलं. “तुम्ही सुंदर बोललात त्या दिवशी. सगळं कोर्ट गप्प झालं. पण तुमचा कोट काळा आहे, त्याच्यावर काजळी दिसत नाही. माझ्या आईच्या भिंतीवर जाऊन बघा.”

तो गेल्यावर समोर आलेल्या पक्षकाराला तिने उद्या या म्हणून परत पाठवलं. आयुष्यात ती खटले हरली होती, पण जिंकलेल्या खटल्याने असं तोंडघशी पाडायची ही पहिलीच वेळ होती. घरी जाऊन ती बाबांना म्हणाली, “रविवारचं जाणं थोडं पुढे ढकलू या.”

“बरं,” बाबा म्हणाले.

का, असंही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी बॅग उघडली, कात्री काढून कपाटात ठेवली आणि बॅग पलंगाखाली सरकवली. एवढं सगळं त्यांनी इतक्या सवयीने केलं, की वकीलताईला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात गेली. मुलगा आईच्या पायाशी बसला होता. त्याने तिच्याकडे पाहून फक्त मान हलवली. टेलिफोनबाईंना आगीतलं काही आठवत नव्हतं. आपण इथे का आलो, असं त्या विचारत होत्या. मुलाने समजावून सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

“शेजारणीच्या घरात लहान मूल आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “मी त्याला जाळलं असतं.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलाने रुमाल दिला. खाटेखाली सफाईवालीचा झाडू फिरला आणि पुढे गेला.

वकीलताई त्यांच्याजवळ सरकली. या वेळी तिने मनात उत्तर तयार ठेवलं नव्हतं. ‘मुलाकडे जाते’ असं त्या म्हणाल्या असत्या, तर तेच लिहून देण्याची तिची तयारी होती. “आजी, आता तुम्हाला काय हवंय?”

टेलिफोनबाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, “शेगडी काढून घ्या. घर नका काढून घेऊ.”

“आणि खाणार काय?” मुलगा म्हणाला.

“तू आणशील. नाहीतरी रोज येतोस आणि नुसती माझी कपाटं उघडून बघतोस. रिकाम्या हाताने कशाला येतोस? डबा घेऊन ये.”

मुलाला हसू फुटलं. ते आवरता आवरता त्याला रडूही आलं. तो उठून खिडकीशी गेला. परत आला तेव्हा वकीलताईला म्हणाला, “शेगडी मी आजच काढतो. पण मला भीती वाटते हो. रोज वाटते.”

“मलाही वाटते,” ती म्हणाली. आणि आपल्या घरात पलंगाखाली सरकवलेल्या बॅगेची गोष्ट तिने त्याला सांगितली. पक्षकाराच्या समोरच्या बाजूशी ती घरातलं काही बोलल्याची तिच्या वकिलीतली ती एकच वेळ. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे तुम्हीही आमच्यातल्याच की.”

घरी आल्यावर ती बाबांसमोर खाली जमिनीवर बसली. “बाबा, जाणं पुढे ढकललं ते माझ्या भीतीने.” आणि आगीचं सगळं सांगितलं.

बाबांनी ऐकलं. “भीती खोटी नाहीये तुझी,” ते म्हणाले. “मलाही आहे. न्हाणीघरात घसरलो तर? झोपेतच गेलो आणि कुणाला कळलंच नाही तर? असं वाटतंच. पण ती भीती मला इथे घंटी उशाशी असतानाही वाटते. मग तिला घेऊनच आपल्या खोलीत राहतो की.”

“काही अटी घालू?”

“घाल. वकिलाची मुलगी नाहीस, पण वकील तर आहेस.”

बराच वेळ घासाघीस झाली. इस्त्री वापरायची नाही, हे बाबांनी आढेवेढे घेत मान्य केलं. सकाळी उठल्यावर फोन करायचा, हेही. दुपारी सुट्टीत ती येईल आणि बरोबर जेवतील. रात्री झेरॉक्सवाला दुकान बंद करताना दार वाजवून जाईल. मशीनवर मात्र बाबांनी तडजोड केली नाही. “सुई बोटात गेली ती डोळ्यांमुळे. डोळे आता आहेत.”

पुढच्या रविवारी ते गेले. नवऱ्याने बॅग उचलली, त्याच्या गुडघ्याची काळजी करत बाबा शेजारून चालले. गल्लीतले लोक दारात येऊन उभे राहिले. भावाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ‘कंटाळली असेल’ असं कुणीतरी बोललंच, आणि ते वकीलताईच्या कानावर आलंच. तिला लागलं. ज्या बायका आपल्या मुलांना तिचं उदाहरण द्यायच्या, त्यांतल्या दोघी-तिघींनी ते देणं थांबवलं. आपण त्या कौतुकावर किती जगत होतो, हे ते थांबल्यावर तिला समजलं.

बाबांकडे आधी बटणं आली, मग उसवलेल्या शिवणी, मग वकिलांचे काळे गाऊन. हाताचा कंप गेला नव्हता. त्यांनी घातलेली तुरपाई किंचित तिरकी जायची. काही दिवसांनी कोर्टात फिरणाऱ्या निम्म्या गाऊनांचा काठ एका बाजूला झुकलेला दिसायला लागला, आणि कुणीही त्याबद्दल तक्रार केली नाही. एकदा ते खरंच पडले. मनगटाचं हाड मोडलं. भाऊ पहिल्या गाडीने आला, बहिणीशी कडाकडा भांडला आणि मग मागच्या खोलीत बाबांजवळ आठवडाभर राहिला. परत जाताना तो बहिणीला म्हणाला, “सकाळी गल्लीचा आवाज येतो तो खरंच बरा वाटतो गं.” एवढंच बोलला. बाबा प्लास्टर निघायची वाट बघत डाव्या हाताने टाचण्या वेचत बसले.

टेलिफोनबाई शेगडीशिवाय आपल्या घरात राहिल्या. मुलगा डबा घेऊन यायचा आणि हळूहळू तिथेच जेवून जायला लागला. कोर्टाने दिलेली मुदत संपली, ती वाढवून मिळाली, पुन्हा मिळाली. मग एका थंडीत त्यांनी मुलाला विचारलं, “हे कुणाचं घर आहे?” त्याने वकीलताईला बोलावून घेतलं. ती त्यांच्या शेजारी बसली. साखरेचा डबा त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. हातही विसरले होते.

“आजी, तुम्हाला कुठे राहायचंय?”

त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं आणि मुलाचा हात धरला. “हा असेल तिथे.”

आधीचा हुकूम बदलून घ्यायचा अर्ज वकीलताईने स्वतः केला. मुलाच्या वकिलाला त्या दिवशी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, की तुम्हीच एवढं लढून मिळवलं होतंत, आता तुम्हीच सोडताय? ती म्हणाली, “तेव्हाही त्यांचंच म्हणणं मांडलं होतं, आजही त्यांचंच मांडतेय.” रंगवून ठेवलेल्या खोलीत टेलिफोनबाई गेल्या आणि तिथेच, मुलगा जवळ असताना, पुढच्या वर्षी शांतपणे वारल्या.

वाचनालयातली गुरुवारची बैठक चालूच राहिली. म्हाताऱ्या आईबापांना घेऊन मुलं आली, की वकीलताई आधी मुलांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगायची. ती बिचारी अवघडून बसायची, दाराकडे बघत राहायची. आत काय चाललंय ते त्यांना कळायचं नाही. कधीकधी आतून कुणी म्हणायचं, “मला मुलाकडेच बरं वाटतं.” कधी काहीच उत्तर यायचं नाही आणि मग ती नुसती थांबायची. घाई करायची नाही, हे तिला अजून शिकावंच लागत होतं.

एका दुपारी सुट्टीत ती जेवणाचा डबा घेऊन गल्लीत शिरली. झेरॉक्सचं यंत्र खडखडत होतं. शिलाई मशीनसमोर एक बस-कंडक्टर उभा होता, त्याने खिसा फाटलेली पॅन्ट आणली होती, आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून ते कापड उजेडाकडे धरून बघत होते.

“बाबा, जेवायचं...”

“बस जरा,” ते वर न बघता म्हणाले. “गिऱ्हाईक आहे.”

ती बाकावर बसली. बाबा कंडक्टरला सांगत होते, की खिसा नुसता शिवून भागणार नाही, आतून दुसरं अस्तर लावावं लागेल, चिल्लर जड असते. कंडक्टर म्हणत होता, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. सुई हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. मांडीवरचा डबा हळूहळू गार होत होता. सुनावणीची वेळ झाली तशी ती उठली, डबा मशीनच्या कडेला ठेवला, आणि बाबांनी मान न वळवताच हात किंचित वर केला. तो तिला निरोप होता, की दोरा ओढायला उचललेला हात, ते तिला नीट कळलं नाही. ती कोट सारखा करत रस्ता ओलांडून कोर्टात गेली.